डावं पेडल

सोमवार, ३ मार्च

शिट्टी,

वर आधी आशीर्वाद लिहिले होते, ते खोडले. तुला ते हवेत की नकोत हे कळेना, आणि ज्याला नकोत त्याच्या डोक्यावर बळेच हात ठेवणं बरं नाही. शिट्टी म्हटलेलं तरी चालतं का तुला? पाळण्यात असताना तू रडलीस की शेजारचे विचारायचे, मास्तर, घरात शिट्टी कोण वाजवतंय. तेव्हापासूनचं नाव आहे. नको असेल तर आईला सांग.

काल रविवार. आई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराचं दार लावून तुझ्याशी फोनवर बोलली. तेवढा वेळ मी बाहेर पेपर वाचतो, म्हणजे तोंडासमोर धरतो. दार उघडून म्हणाली, "ती सायकल मागतेय."

मी म्हणालो, "कुठली?"

"आपल्याकडे किती आहेत?"

चौदा तारखेच्या आत पार्सल ऑफिसात द्यायची. चाकं, हँडल आणि पेडलं काढायची आणि खोक्यात भरायची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीणबाईकडे दिली तर अर्ध्या तासात होईल, असंही तूच सांगितलंस म्हणे. मी म्हणालो, मी करतो. आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? आयुष्यात कधी बल्ब बदललाय?"

खोटं कशाला बोलू, नाही बदललेला. एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. माणसाचा गुडघा, घोटा, खांदा मला डोळे मिटून कळतो. सायकल हे तुझं खातं होतं. मी घड्याळ धरून उभा राहायचो आणि ओरडायचो, मशीन तू सांभाळायचीस. तरी मी करतो म्हणालो. का म्हणालो ते माझं मलाच कळलेलं नाही.

आज गॅलरीतली चादर काढली. दोन्ही टायर बसलेत, मागच्या चाकात कोळ्याने घर केलंय. पेडलचा उजवा दांडा चंदेरी आणि डावा काळा. विसरलोच होतो मी हे. डाव्या दांड्याचे आटे पार फाटले होते, म्हणून तू दुसरा आणून बसवलास, एक हात गळ्यात बांधलेला असताना. मला म्हणाली होतीस, "जरा धरता का?" मी धरलं नाही. मला काहीतरी काम होतं. काय होतं ते आता आठवत नाही.

त्या दिवसाचा विषय मी काढणार नाही. निवड शर्यत होती, दुसऱ्या फेरीत चढावर तुझं डावं पेडल निखळून आलं, तू पडलीस, गळ्याखालचं हाड मोडलं. झालं ते झालं. मी मैदानावर सगळ्यांदेखत म्हणालो की स्वतःचं पेडल आवळता येत नाही आणि निघाल्या शर्यत जिंकायला. ते बोलायला नको होतं, मान्य. पण पेडल ढिलं होतं ही वस्तुस्थिती आहे. मला ते पक्कं माहीत आहे. कसं माहीत, ते जाऊ दे.

एका वाक्यापायी पोरगी घर सोडते आणि चार वर्षं बापाशी बोलत नाही, याचा अर्थ मला अजून लागत नाही. जेवढा विचार करतो तेवढा गुंता वाढतो.

उद्यापासून कामाला लागतो.

बाबा

बुधवार, ५ मार्च

शिट्टी,

तीन गोष्टी काढायच्या होत्या. मी सगळीच्या सगळी काढली.

असं कसं झालं हे मला विचारू नकोस. सायकल उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीला टेकवून, तू करायचीस तशी. पुढचं चाक सहज निघालं. मग मला चेव चढला. चाक निघालंच आहे तर पुसून घेऊ म्हटलं. चाकाच्या मधोमध एक नट दिसला, तो सोडवला. त्याच्या आत आणखी एक होता, तोही सोडवला, आणि आतून छर्रे घरंगळत गॅलरीभर गेले. तरी माझे डोळे उघडले नाहीत. मागचं चाकही उघडलं. चेन, ब्रेक, सीट, घंटी, सगळं. मागच्या चाकाचे सतरा छर्रे सापडले. अठरावा तुझ्या आईला संध्याकाळी चप्पल घालताना सापडला आणि तो तिने मला हातात दिला नाही, ताटात वाढला.

पण मी काही अगदीच वेंधळा नाही. शाळेतली जुनी कोरी पाकिटं घरी पडून होती. प्रत्येक नट, प्रत्येक वायसर वेगळ्या पाकिटात घातली आणि वर लिहिलं. "पुढचे चाक, उजवे." "ब्रेक, डावा." सदतीस पाकिटं झाली. भिंतीशी ओळीने लावली. इतकी शिस्तीत उभी होती की 'विश्राम' म्हणावंसं वाटलं.

आई कपडे वाळत घालायला आली, पाकिटं वाचली आणि म्हणाली, "उजवे म्हणजे कुणाचे उजवे?"

"म्हणजे काय? उजव्या बाजूचे."

"तुमच्या उजव्या की सायकलच्या? सायकल तर डोक्यावर उभी आहे."

शिट्टी, मी तिथेच खाली बसलो. सायकल उलटी केली की तिचं डावं अंग माझ्या उजव्या हाताला येतं. शिवाय निम्मी पाकिटं मी या बाजूने बसून लिहिलीत आणि निम्मी दारातून ऊन यायला लागल्यावर त्या बाजूने. त्यात माझी खोड तुला माहीत आहे. मुलांसमोर तोंड करून उभं राहायचं, 'उजवा हात वर' म्हणायचं आणि स्वतःचा डावा वर करायचा. पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जावं म्हणून. एकतीस वर्षं तेच केलं. अजूनही मला कुणी पत्ता विचारला तर मी तोंडाने उजवीकडे म्हणतो आणि हात डावीकडे करतो. त्या बिचाऱ्यांचं पुढे काय होतं देव जाणे. आता या सदतीस पाकिटांवर मी कुणाच्या बाजूने लिहिलंय, माझ्या, सायकलच्या की समोर नसलेल्या पोरांच्या, ते मला सांगता येत नाही.

आई म्हणाली, "द्या बाई त्या मिस्त्रीणबाईला." मी म्हणालो, चौदा तारखेला वेळ आहे.

माझं सोमवारचं पत्र मिळालं का? आई विचारत नाही आणि मी तिला विचारायला लावत नाही.

बाबा

शनिवार, ८ मार्च

शिट्टी,

डावं पेडल निघत नाही.

उजवं थोडं कुरकुरलं आणि निघालं. डाव्याने मात्र हट्टच धरलाय. नळ घे, बरणीचं झाकण घे, बल्ब घे (आई म्हणते तुम्हाला काय माहीत), जगातली प्रत्येक फिरवायची वस्तू उजवीकडे फिरवली की आवळते आणि डावीकडे फिरवली की सुटते. मी पान्हा लावून डावीकडे जोर करतो. तसूभर हलत नाही. तेल सोडलं. गरम पाणी ओतलं. आईला सांगाड्यावर बसवलं आणि मी पान्ह्यावर पाय देऊन उभा राहिलो. पान्हा सटकला, माझी बोटं सोलवटली आणि आई सांगाड्यासकट भिंतीला टेकली. तिथूनच म्हणाली, "तुम्ही ते सोडवताय की आवळताय?"

"तू गप्प बस," म्हणालो. मग तिने मला दिवसभर चहा दिला नाही.

पण संध्याकाळी बोटांना औषध लावताना एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती काही केल्या बाहेर निघेना. हे पेडल तू बसवलंस, एका हाताने, दुसरा गळ्यात. आणि ते मला दोन हात आणि एक पाय लावूनही सुटेना. एका हाताने जी पोरगी इतकं घट्ट आवळते, ती धडधाकट दोन हात असताना, शर्यतीच्या आदल्या दिवशी, ढिलं कसं ठेवेल?

पण ते ढिलं होतं. मला माहीत आहे ना.

तुला दवाखान्यात आठवतंय का? मैदानावर तू मला 'सर' म्हणायचं, घरी 'बाबा', हा आपला नियम. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तू मला एकच प्रश्न विचारलास आणि तो विचारताना 'बाबा' म्हणालीस. मी एका शब्दात उत्तर दिलं. त्यानंतर तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं औषधाची गुंगी असेल.

सोमवारी सांगाडा खांद्यावर मारून मिस्त्रीणबाईकडे जातो. हसतील लोक, हसू देत.

बाबा

सोमवार, १० मार्च

शिट्टी,

ही मिस्त्रीणबाई माझीच विद्यार्थिनी निघाली. आता चाळिशीची आहे, चष्मा कपाळावर, बोटं काळी. तुझं तिच्याकडे नेहमीचं जाणं होतं, पण तू मला कधी सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस आणि मी घड्याळाकडे बघत होतो?

"सर, मी सातवी ब. तुम्ही मला कवायतीत ओळीबाहेर काढायचात."

मला आठवली. कायम उलटी करायची. मी 'उजवा हात वर' म्हटलं की हिचा डावा. किती वेळा उन्हात उभं केलं असेल तिला.

"तुम्ही डावाच हात वर करायचात, सर," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघून करायचे."

तीस वर्षांनी खटला उभा राहिला आणि मी हरलो.

तिने सांगाडा स्टँडला लावला. दुकान म्हणजे एक अरुंद खोली आहे, भिंतीवर पान्हे लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले आणि प्रत्येकाच्या मागे खडूने त्याचीच आकृती काढलेली. मला ते फार आवडलं. दारात पाटी नाही, पण तिचा एक नियम आहे, तो तिने आधीच ऐकवला. "मी सायकलला हात लावणार नाही, सर. तुम्ही उघडलीत, तुम्हीच जोडायची. मी फक्त सांगेन. आणि जोडून झाली की पहिली फेरी तुम्ही मारायची. माझ्या दुकानात ज्याने आवळलं त्याने आधी बसायचं. आपण आवळायचं आणि दुसऱ्याला बसवायचं, हे इथे चालत नाही."

मी म्हणालो, चांगली शिस्त आहे.

मग डावं पेडल. मी पान्हा लावला आणि डावीकडे जोर करायला लागलो. तिने माझ्या मनगटाला पान्ह्यानेच टोचलं.

"इकडे नाही. तिकडे."

"तिकडे म्हणजे आवळायच्या दिशेला?"

"या पायडलची ती सोडायची दिशा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, सर. सगळ्या सायकलींना. साधे ठेवले तर चालवता चालवता आपोआप सुटून येईल, म्हणून मुद्दामच उलटे पाडतात. तुम्ही चार दिवस सोडवत नव्हता, आवळत होता."

मला हसू आलं. म्हटलं, मी पोरांसाठी उलटा हात वर करायचो, तसंच हे. समोरच्या अंगाचं उलटंच असणार. इतक्या वर्षांत मला कळलं नाही ते एका पेडलला कळलं.

आणि मी पान्हा उजवीकडे दाबला. किर्र आवाज होऊन ते फिरलं. हाताला हलकं लागलं. एक फेरा. दुसरा. काही अडत नव्हतं, पकड लागत नव्हती, नुसतं फिरत होतं. तिसऱ्या फेऱ्याला

बाकीचं नंतर लिहितो.

मंगळवार, ११ मार्च

शिट्टी,

कालचं पत्र अर्धंच पेटीत टाकलं. का टाकलं कळत नाही. फाडायला हवं होतं.

आज चाकं जोडली. छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवावे लागतात, मिस्त्रीणबाई म्हणते मोती ओवल्यासारखे. पाकिटांवरचं उजवं-डावं तिने बघितलंच नाही, नुसत्या नटाकडे बघून ती सांगते हा कुठला. सदतीस पाकिटांचा काही उपयोग झाला नाही.

दुपारी घरी येऊन आईला विचारलं, "माझी पांढरी पँट कुठेय? निवड शर्यतीला घातली होती ती."

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "तिचा उजवा खिसा काळा पडलाय. मी तीनदा धुतला. तेलाचा डाग आहे, जात नाही."

"मी तेव्हा तुला काय सांगितलं होतं?"

"पेनाची शाई म्हणालात."

मग तिने पुन्हा भाजी चिरायला घेतली. मी खूप वेळ तिथेच उभा होतो. तिने बसा म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

बाबा

गुरुवार, १३ मार्च

शिट्टी,

हे पत्र टपालात टाकत नाही. खोक्यात, पेडलांच्या पाकिटात ठेवतोय. सायकल उघडशील तेव्हाच मिळेल. आधी पत्र वाच असं म्हणणार नाही, तुझी मर्जी.

त्या सकाळी तू शर्यतीचा नंबर घ्यायला टेबलाकडे गेली होतीस. मी सायकलपाशी होतो. मला उभं राहवत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या पिशवीतून पान्हा काढला. तुझ्या सायकलला मी त्याआधी कधी पान्हा लावला नव्हता. उजवं पेडल पाहिलं, घट्ट होतं. डावं पाहिलं, उजवीकडे जोर दिला, आणि ते किर्र करून फिरलं. मला वाटलं, ढिलं ठेवलं पोरीने. मनात तुला शिव्या घातल्या. आणखी फिरवलं. पकड लागेना. आता लागेल, आता लागेल करत तीन फेरे दिले. तेवढ्यात नाव पुकारलं आणि तू येताना दिसलीस. पान्हा खिशात टाकला. तुला सांगितलं नाही, कारण शर्यतीआधी खेळाडूला त्याची चूक दाखवायची नाही हा माझाच नियम. म्हटलं, जेवढं आवळलं तेवढं पुरेल.

म्हणजे मी आवळत नव्हतो. तू नीट आवळलेलं पेडल मी तीन फेरे सोडवलं. आणि तुला त्यावर बसवलं.

सोमवारी दुकानात माझ्या हाताने ते ओळखलं. डोक्याला कळायच्या आधी हाताला कळलं. तोच किर्र आवाज, तसंच हलकं लागणं. मिस्त्रीणबाई विचारत होती, सर, काय झालं, बसता का. मी बसलो. पाणी दिलं तिने. तुझ्या जागी तिला समजून मी तिलाच सगळं सांगायला लागलो, तर म्हणाली, "मला नका सांगू, सर. मी काय करू ऐकून? तिला सांगा."

आटे उलटे असतात हे मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. हे मी शपथेवर सांगेन आणि तू मानशील. पण तू काही आट्यांपायी घर सोडलं नाहीस. ते आता मला कळतं. चार वर्षं मी 'एका वाक्यापायी' म्हणतोय आणि चुकीचं वाक्य धरून बसलोय.

तू खाटेवरून विचारलंस, "बाबा, तुम्ही पेडलला हात लावला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

तुला तेव्हाच कळलं असणार. तुला उलटे आटे माहीत होते. आपण आवळलेलं पेडल आपोआप सुटत नाही हेही माहीत होतं. तू भांडायला विचारलं नव्हतंस. मी 'हो' म्हटलं असतं तर कदाचित तू हसली असतीस, म्हणाली असतीस, अहो बाबा, ते उलटं असतं. आणि मी 'नाही' म्हणालो.

का म्हणालो? आधी स्वतःला सांगितलं की हो म्हटलं तर हिला सबब मिळेल, पुन्हा मशीन तपासणार नाही. मग सांगितलं की मी ते चांगल्यासाठीच केलं होतं, तेव्हा सांगायचं काय. दोन्ही खोटं आहे. मी मैदानावर शंभर माणसांदेखत तुला बोलून आलो होतो आणि मला भीती वाटली. मास्तर चुकतो हे मला कुठे ठेवावं कळेना. तू वेदनेने तळमळत होतीस आणि मला माझ्या इभ्रतीची पडली होती. लाज वाटते, शिट्टी. लिहितानाही वाटते.

आईला रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. म्हणाली, "मला माहीत आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं. तिला तुमचं हवं होतं."

काल संध्याकाळी सायकल जोडून झाली. मिस्त्रीणबाईने नियम सोडला नाही. चौसष्टाव्या वर्षी, गल्लीत, सगळे बघत असताना मी सायकलवर बसलो. पहिल्यांदा हँडल डावीकडे गेलं आणि मी उजवीकडे. मग जमलं. कोपऱ्यापर्यंत गेलो, वळलो, आलो. डाव्या पेडलवर पाय देताना प्रत्येक वेळी मी खाली वाकून बघत होतो. एका गल्लीत माझी ही अवस्था, आणि तू चढावर उभी राहून सगळा भार त्याच्यावर टाकला होतास. ते हलतंय हे तुला कळत असणार. तरी तू थांबली नाहीस, कारण मी घड्याळ धरून ओरडत होतो.

उतरलो तेव्हा मला रडू आलं. मिस्त्रीणबाईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुसरी सायकल बघायला लागली.

आज पुन्हा चाकं, हँडल, पेडलं काढली आणि खोकं भरलं. या वेळी तेवढंच काढलं. पाकिटावर 'डावं पेडल' लिहिलंय. तुझं डावं, तू बसतेस तेव्हा जे डावीकडे असतं ते. हे तू आवळ. मी आवळणार नाही.

तुझा प्रश्न चार वर्षं जुना आहे, पण उत्तर आज देतोय. हो. लावला होता.

बाबा

ता. क. एक वायसर उरली आहे. मधोमध भोक असलेली, नखाएवढी. मिस्त्रीणबाईच्या नजरेतूनही सुटली, खोकं चिकटवून झाल्यावर माझ्या शर्टाच्या बाहीतून पडली, म्हणून हे बाहेरून खोक्यावरच लिहितोय. कुठली आहे ते कळत नाही. सायकल चालवायच्या आधी सगळं नीट तपास.

सोमवार, २४ मार्च

शिट्टी,

काल फोनवर मी नीट बोललो नाही. म्हणजे बोललोच नाही. म्हणून लिहितो.

आई नेहमीसारखी दार लावून बसली होती. मी पेपर धरला होता. दार उघडलं आणि ती बाहेर आली, आणि तिने फोन माझ्यासमोर धरला. मला वाटलं फोन बिघडलाय, दुरुस्त करायला देतेय. हल्ली तिचा माझ्यावर विश्वास बसलाय.

तू मला 'बाबा' म्हणाली नाहीस. 'सर' पण म्हणाली नाहीस. एकदम विचारलंस, "किती फेरे?"

मी म्हणालो, "तीन."

मला तुझा श्वास ऐकू येत होता. शर्यत संपल्यावर यायचा तसा. मग तू म्हणालीस, "मला वाटत होतं दोन."

यावर काय म्हणायचं असतं, शिट्टी? तू चार वर्षं मनात त्या पेडलचे फेरे मोजत होतीस, आणि मी दाराबाहेर तोंडासमोर पेपर धरून बसत होतो.

मग तू म्हणालीस, ती वायसर मागच्या चाकाची आहे, आसाच्या नटाखालची, तिच्याशिवाय मी सायकलवर बसणार नाही. मी म्हणालो, उद्याच पोस्टाने पाठवतो. तू म्हणालीस, "पोस्टाने नको. हरवेल. हातात घेऊन या." आणि फोन ठेवलास.

मी आईला विचारलं, "हातात घेऊन या म्हणजे काय?" ती म्हणाली, "म्हणजे हातात घेऊन या." मी म्हणालो, "पण म्हणजे नुसती वायसर द्यायला, की..." ती म्हणाली, "एकतीस वर्षं पोरांना पाऊल उचलायला सांगितलंत ना? आता तुम्ही उचला." मला अजूनही पक्कं कळलेलं नाही. दारातूनच वायसर घेऊन तू दार लावलंस तरी माझी तक्रार नाही, मी परतीची गाडी बघून ठेवली आहे.

शुक्रवारी सकाळी निघतो, दुपारी तुझ्याकडे पोचेन. आई येत नाही म्हणाली, ही फेरी तुमची आहे. वायसर पाकिटात आहे आणि पाकीट शर्टाच्या खिशात.

पान्हा घरीच ठेवलाय.

बाबा